आत किती, बाहेर किती

आमच्या कंपनीत सगळ्यात विक्षिप्त माणूस कोण, असं कुणालाही विचारलं असतं तर त्यानं बोट दाखवलं नसतं. नुसती मान भागांची ड्रॉइंगं ठेवायच्या खोलीकडे हलवली असती. बोट दाखवायची सोयच नव्हती. काका काचेतून बघत असायचे, आणि बोट दाखवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एका कागदासाठी चाळीस मिनिटं उभं करायचे.

काका माझे नात्यातले कुणी नव्हते. सगळी कंपनीच त्यांना काका म्हणायची, प्लांट हेडसकट. चिखलीतल्या जुन्या घरातला माणूस. गावाभोवती बिल्डिंगा उठल्या, गावाची भाषा बदलली, काकांची बदलली नाही. चाकणच्या त्या कंपनीत आम्ही गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनवायचो आणि प्रत्येक भागाचं ड्रॉइंग काकांच्या ताब्यात असायचं. मी ताथवड्याच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, प्लॅनिंगमध्ये प्रोबेशनवर, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. या माणसाची मी यथेच्छ टिंगल केली आहे आणि इथेही करणार आहे. पण त्या टिंगलीच्या नादात एका ऑपरेटरची काही चूक नसताना नोकरी जायची वेळ मी आणली होती. ते सांगितल्याशिवाय काका पुरे होणार नाहीत.

आधी त्या फाइलींबद्दल. कंपनी भोसरीच्या शेडमधून चाकणला आली तेव्हा सगळी जुनी ड्रॉइंगं स्कॅन करून घेतली होती. स्कॅन करणाऱ्यानं प्रत्येक भागाचे सगळे कागद एकाच फाइलमध्ये कोंबले: पहिलं ड्रॉइंग, मग त्यात झालेला पहिला बदल, मग दुसरा, असे एकामागे एक. एका फाइलच्या पोटात कधी पाच चित्रं, कधी बारा. त्यातलं शेवटचं तेवढं चालू, बाकीची इतिहासजमा. आणि आमच्या कंप्युटरवर ती फाइल साधी डबल क्लिक करून उघडली की फक्त पहिलं चित्र दिसायचं. मागं आणखी आठ दडलीत याची खूणसुद्धा नसायची.

म्हणून काका फाइल उघडत नसत, फोडत असत.

हा विधी बघण्यासारखा असायचा. काका सकाळी पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड काढत. तो पंच्यात गुंडाळलेला असे. कंपनीचा कीबोर्ड त्यांना चालत नसे, कारण त्याला 'कुनाकुनाचं हात' लागलेले असत. माउस तर त्यांनी ड्रॉवरमध्ये, शिक्क्यांच्या डब्यामागे, पालथा घालून ठेवला होता. मग ते स्क्रीनवर काळी खिडकी उघडत आणि तिच्यात एका बोटानं एक ओळ टाइप करत: आधी फोडणाऱ्या टूलचं नाव, मग फाइलचं नाव, मग सुट्या चित्रांना काय नाव द्यायचं ते. एवढं झालं की दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलून हवेत धरत आणि ती ओळ मोठ्यानं वाचत. नंतर कागद मागायला आलेल्या माणसाला वाचायला लावत. तो पुटपुटला की, "पुन्यांदा वाच. एंटर मारल्यावर मला म्हनू नको, काका, चुकलं म्हनून." दोघांचं वाचून झालं की मगच मधल्या बोटानं एंटर.

क्षणात फोल्डरमध्ये चित्रं ओळीनं उभी राहत. ते टूल त्यांना आपल्या मनानं तीन-तीन अक्षरं लावायचं: एएए, एएबी, एएसी. काका ती मोजत. जुन्या वहीत त्या भागाचे एकूण कागद लिहिलेले असत, त्याच्याशी ताडून बघत आणि रजिस्टरमध्ये दोन रकाने भरत. एकाचं नाव 'आत किती', दुसऱ्याचं 'बाहेर किती'. दोन्ही आकडे जुळले की शेवटचं चित्र छापायचं, कागदामागे ती तीन अक्षरं आणि आपली सही करायची, आणि सुटी चित्रं तिथल्या तिथे पुसून टाकायची.

"एकदाच सगळ्या फाइली फोडून ठेवा ना," मी पहिल्याच आठवड्यात शहाणपणा शिकवला.

"आन मग?"

"मग ज्याला हवं ते ड्रॉइंग तो घेईल."

"त्येच तर नगं मला. सुटी पानं मोकाट झाली की कोन कुठलं उचलंल, सांगता येत न्हाई. फोडायची, एक द्यायचं, बाकीची गप पुसायची."

मी कॉलेजात तीन कंप्युटर भाषा शिकले होते. त्या दिवशी जेवताना मी मुद्दाम विचारलं, की काका, तुम्हाला कमांड येतात तरी किती? काकांनी घास संपवला. "मला एक येती," ते म्हणाले. "तुला?" मी म्हटलं, पुष्कळ. "पुष्कळ येत्यात म्हंजी एकबी येत न्हाई. माझी एक हाय, पर ती येती." खरंच त्यांना ती एकच येत होती. कधीकाळी कुठल्याशा इंजिनियरनं ती पुठ्ठ्यावर लिहून दिली होती आणि तो पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मॉनिटरला सुतळीनं बांधलेला होता. एका कमांडच्या भांडवलावर हा माणूस सात वर्षं कंपनीचा ड्रॉइंग कंट्रोलर होता, आणि आम्ही शिकलेसवरलेले त्याच्या दारात रांगेत.

फोडायचं हे वेड खोलीपुरतं असतं तरी चाललं असतं. नवं वर्ष लागलं की काका कालनिर्णयाच्या धाटणीचं भिंतीवरचं कॅलेंडर आणत, त्याची वरची पट्टी उपसत आणि बारा महिने बारा खिळ्यांवर शेजारी शेजारी टांगत. खोलीत शिरणाऱ्याला आज कुठला महिना आहे हे शोधायला मान फिरवावी लागे. कॅन्टीनमध्ये बुधवारी मिसळ असायची. काका तीन वाट्या घेत: एकीत उसळ, एकीत तर्री, एकीत फरसाण. तिन्ही वेगवेगळं, सावकाश, अर्धा तास खात. "मग ही मिसळ कसली काका?" कुणीतरी विचारायचंच. "पोटात जाऊन मिसळंल की. मला काय काय दिलंय त्ये तर कळंल." मुलीच्या लग्नात फोटोवाल्यानं बदामाच्या आकारात नवरानवरी आणि भोवती सगळे नातेवाईक असा एक मोठा फोटो करून दिला, तर यांनी तो परत केला आणि माणूस-माणूस सुटा मागितला. फोटोवाला दुकान बदलून आकुर्डीला गेला असं म्हणतात. मला ते अगदीच खोटं वाटत नाही.

आम्ही 'आत किती, बाहेर किती' हे त्यांचं पालुपद पार धुऊन काढलं होतं. बसमध्ये चढताना तेच, वडापावची पिशवी उघडताना तेच. बाथरूममधून कुणी बाहेर आलं की दारातली पोरं विचारायची, "भावा, आत किती, बाहेर किती?" काकांची नक्कल मी सगळ्यात चांगली करायची. दोन्ही हात हवेत धरून मान वाकडी केली की टेबलावर हशा पिकायचा. एकदा ते मागं उभे होते. मी गोरीमोरी झाले. ते म्हणाले, "हात आजून वर धर. यवढ्यावर धरला तर चुकून कळ दाबली जाती."

का कुणास ठाऊक, आठ महिन्यांनी त्यांनी खोलीची दुसरी किल्ली आणि पासवर्ड मलाच दिला. मी म्हटलं, काका, मी तर तुमच्यावर हसते. "हसतीस, पर मोजतीस," ते म्हणाले. "बाकीची नुसतीच हसत्यात."

तो बुधवार होता, म्हणजे काका तीन वाट्या पुढ्यात घेऊन कॅन्टीनमध्ये. जुन्या मॉडेलच्या एका ब्रॅकेटची वर्षातून एकदा येणारी ऑर्डर होती. भोकांच्या जागा धरून देणारा त्याचा साचा, म्हणजे जिग, कधीच भंगारात गेलेला, त्यामुळे भोकं ड्रॉइंगवरून खुणा करून पाडायची होती. मशीनवर बालाजी होता. लातूरकडचा, कंत्राटी, खाली मान घालून काम करणारा. त्याच महिन्यात त्यानं बायकोला आणि मुलीला गावाकडून आणून चिखलीत खोली घेतली होती. मुलगी पहिलीत गेल्याचे पेढे त्यानं मलाही दिले होते. तो मशीनपाशी ड्रॉइंगची वाट बघत उभा, आणि बाहेर ट्रक लागलेला. प्रॉडक्शन मॅनेजरचा मला फोन आला.

"मॅडम, ब्रॅकेटचा पेपर पाहिजे. आत्ता."

"सर, काका जेवतायत. ते आले की..."

"काकांची पूजा नंतर होऊ द्या. किल्ली आहे ना तुमच्याकडे? काढा आणि द्या. मी आहे ना."

मी गेले. पुठ्ठ्यावरची कमांड समोर लटकत होती. मला ती पाठही होती. पण मला त्या दिवशी दाखवून द्यायचं होतं, की चाळीस मिनिटांचं काम किती मिनिटांचं असतं. ड्रॉवरमधून माउस काढला, जोडला, डबल क्लिक, ड्रॉइंग समोर, प्रिंट. दोन मिनिटं. रजिस्टरला हात लावला नाही. माउस होता तिथे ठेवून दिला आणि कागद स्वतः नेऊन बालाजीच्या हातात दिला. संध्याकाळच्या चहाला मी ही गोष्ट दोनदा सांगितली, नकलेसहित.

चहाच्या आधी काका मात्र माझ्या टेबलापाशी येऊन गेले होते.

"दुपारच्याला खोलीत कोन आलं हुतं?"

"कुणी नाही."

"बरं," ते म्हणाले आणि गेले. मला नंतर कळलं की मी माउस सुलटा ठेवला होता.

दहा दिवसांनी ब्रॅकेट परत आले, सगळेच्या सगळे. एक भोक चार मिलीमीटर बाजूला होतं. ते भोक नवव्या कागदावर सरकवलेलं होतं आणि मी छापला होता पहिला. क्वालिटीनं मशीनवरच्या त्याच कागदाशी ताडून माल पास केला होता, त्यामुळे तिथेही कुणाला काही खटकलं नव्हतं. मॅनेजरनी दोन तासांत कारण शोधून काढलं: ऑपरेटरनं पेटीत ठेवलेला जुना कागद वापरला. कंत्राटदारानं बालाजीचा गेटपास काढून घेतला. चौकशी होईपर्यंत त्यानं रोज गेटबाहेर येऊन थांबायचं होतं, आणि चौकशीत काय ठरणार हे चहावाल्यालासुद्धा माहीत होतं.

गेटबाहेरच तो मला भेटला. "मॅडम, कागद तुमीच आणून दिल्तात की. आठवायलंय का? त्यात जसं होतं तसंच मारलो मी भोकं. जरा सांगा ना साहेबाला."

"बघते," मी म्हटलं.

बघते! मला सगळं आठवत होतं. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते, घरी सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि मॅनेजर 'मी आहे ना' म्हणाले होते. ते बोलतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन दिवस बालाजी गेटबाहेर दिसला की मी फोन कानाला लावून आत शिरायची. पलीकडे कुणी नसायचं. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मीटिंग झाली. प्लांट हेड, मॅनेजर, मी, आणि दाराशी उभा बालाजी. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. शेवटी काकांना बोलावलं, फक्त एका वाक्यासाठी. ते पंच्यातला कीबोर्ड आणि रजिस्टर काखेत मारून आले. मॅनेजरनी मशीनवरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"काका, या कागदामागे तुमची अक्षरं नाहीत, सही नाही. म्हणजे हा तुमच्या रूममधून दिलेला नाही, जुना कुठलातरी आहे. बरोबर?"

"कागद माझ्याच खोलीतला हाय."

"मग अक्षरं कुठायत?"

"अक्षरं फोडल्याव येत्यात. ह्यो न फोडता काढलाय."

असं म्हणून त्यांनी खिशातून माउस काढून टेबलावर ठेवला. काकांच्या हातात माउस मी पहिल्यांदाच बघितला. त्यांनी तो आणि आपला कीबोर्ड प्रोजेक्टरच्या कंप्युटरला जोडला, माउस दोन बोटांनी धरला आणि ब्रॅकेटच्या फाइलवर डबल क्लिक केलं. भिंतीवर चित्र उमटलं. काकांनी बालाजीचा कागद त्याच्या शेजारी धरला. दोन्ही एक होते.

"ह्ये झालं वरचं. आता आतलं बघा."

काळी खिडकी उघडली. एक बोट, एक ओळ. मग दोन्ही हात हवेत. प्लांट हेडनी घड्याळ बघितलं.

"साहेब, वाचा."

"मी?"

"मोठ्यानं वाचा."

आणि दीड हजार माणसांना हलवणारा तो साहेब शाळेतल्या मुलासारखा कमांड वाचू लागला, अक्षर अन् अक्षर. काकांनी एंटर मारला. भिंतीवर नऊ चित्रं ओळीनं उभी राहिली, एएए ते एएआय. काकांनी शेवटचं उघडलं. भोक चार मिलीमीटर पलीकडे होतं.

"पोरानं दिलेल्या कागदात हाय तितंच भोक पाडलंय," काका म्हणाले. "त्येची चूक न्हाई."

मॅनेजर घसा साफ करत म्हणाले, "ठीक आहे. पण रिपोर्टमध्ये जबाबदार म्हणून नाव लिहावं लागतं. कस्टमरला एक नाव लागतं."

"एक कसं? तुमी वरचंच बघून लिव्हताय." काकांनी रजिस्टर उघडलं आणि पेन हातात घेतलं. "ह्येबी फोडायला लागंल. पयला मी. किल्ली आन पासवर्ड म्या दिला. लिव्हा माझं नाव."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावरून वर उचलून हवेत धरले. माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवरची नऊ चित्रं बघत राहिले. या हातांची नक्कल करून मी आठ महिने टाळ्या मिळवल्या होत्या. ते हात समोरच्याला विचार करायला जागा देण्यासाठी वर असतात, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

"दुसरी मी," मी म्हटलं. "कागद मी काढला. बालाजीला मीच नेऊन दिला. आणि काकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

"दोन," काका म्हणाले.

हात पुन्हा वर गेले. या वेळी बराच वेळ वर राहिले. मॅनेजर लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. ती एवढी लांब असेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना ते माहीत होतं. फोनबद्दल बोलायला माझं तोंड उघडलं, तर काकांनी हवेतला एक तळवा किंचित माझ्याकडे वळवला: थांब, ज्याचं त्याला बोलू दे.

"चला," मॅनेजर वायर पिशवीत टाकत म्हणाले, "म्हणजे क्लिअर झालं सगळं. बालाजी, पास घेऊन टाक भावा. टेन्शन नको."

बालाजी त्याच दुपारी मशीनवर आला. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. काकांना दोन पानी मेमो मिळाला. त्यांनी पिन काढून दोन्ही पानं वेगवेगळ्या खिळ्यांवर, मार्च आणि एप्रिलच्या खाली टांगली. मॅनेजरना इतक्या लवकर कारण शोधल्याबद्दल शाबासकी मिळाली. रजिस्टरमध्ये त्या दिवशीच्या ओळीत काकांनी लिहिलं होतं: आत ३, बाहेर २. शेऱ्याचा रकाना त्यांनी मोकळा सोडला होता.

काका निवृत्त झाले. आता त्या खोलीत मी बसते. मॅनेजर प्लांट हेड झालेत. गेल्या महिन्यात ते स्वतःच खोलीत आले, उभ्याउभ्याच, एक पाय दाराबाहेर.

"मॅडम, जुना एक पेपर पाहिजे, लवकर. प्रोसिजर नंतर बघू, मी आहे ना."

मी फाइल फोडली, कागद छापला, मागे अक्षरं घातली. आणि सहीसाठी आजचं रजिस्टर न देता ते जुनं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं, ते पान उघडून, त्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवून. साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी बोट होतं तिथे सही केली आणि गेले.

मी इतकी खूश झाले की दार लावून चिखलीला फोन लावला.

"काका, तिसरा निघाला! त्या ओळीत सही केली त्यांनी. दोनाचे तीन करू का?"

काका म्हणाले, "वाचून केली का?"

"नाही."

"तू वाचायला लावलंस का?"

"नाही."

"मग न्हाई निघाला त्यो. आकडा खोडू नगंस. आन ती सही घेतल्याली, तिचाबी शेरा लिव्ह. तुज्या नावानं."

मी पेन घेतलं आणि लिहिलं.